पाठीवरचा पदर

वॉल्टरनं पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली आणि ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं. दोन मिनिटांत बनियन पाठीला चिकटलं. ऑक्टोबरचा उकाडा अजून सरला नव्हता. नऊ वर्षं तो याच स्वयंपाकघरात उभा राहून पंख्यावरून कुरकुरत आला होता. "कारखान्यात भट्टी, घरी आल्यावर पण भट्टी," तो म्हणायचा. त्याची बायको विनी हातातल्या कामावरून नजर न काढता म्हणायची, "वारा लागला की फॉन्डंटला चिरा जातात. तुला नाही जात. गप उभा राहा." आता सांगणारं कुणी नव्हतं, तरी हात आधी बटणाकडेच गेला.

त्यानं पांढऱ्या फॉन्डंटचा, केकवर चढवायच्या साखरेच्या कणकेचा, गोळा मळायला घेतला. बाटलीतला लाल रंग काडीनं टोचून आत घातला आणि मळत राहिला. गोळा गुलाबी झाला. आणखी रंग घातला. आणखी मळला. गुलाबीच. बारशाच्या केकवर शोभेल असा गुलाबी.

"लाल हो ना बाबा," तो गोळ्याला म्हणाला, आणि बाटली उलटी केली.

विनीला जाऊन सात आठवडे झाले होते. सप्टेंबरात पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली, बाराव्या दिवशी तिला घरी आणलं ते पेटीतून. मुलगा केविन आखातातून आला, पंधरा दिवस राहिला, गेला. मग घरात वॉल्टर उरला आणि विनीचं सामान. कपाटाचे दोन खण भरून साचे, बाटल्या, ब्रश, तारा. केक करणं हा तिचा धंदा नव्हता. मैत्रिणींसाठी करायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी करायची. कुणाच्या मुलाला इंजिन हवं, कुणाच्या जावयाला होडी, कुणाच्या पहिल्या कम्युनियनला उघडलेलं बायबल. ती करून द्यायची.

वॉल्टर वालीवच्या एका कारखान्यात लेथवर होता, तीस वर्षं. केकमधलं त्याला काही कळत नव्हतं, पण विनीला काय अडतं ते कळायचं. पोळी सगळीकडे सारख्या जाडीची लाटली जात नाही म्हणाली, तर त्यानं लाटण्याच्या दोन टोकांना बसतील अशा स्टीलच्या दोन कड्या करून आणल्या, बरोबर तीन मिलिमीटरच्या. केक फिरवायला जुन्या बेअरिंगवर पाट बसवून दिला. तो इतका हलका फिरायचा की बोट लावलं तरी दोन वेढे घ्यायचा. एवढंच त्याचं काम. बाकी वेळ तो स्टुलावर बसून गोळे मळून द्यायचा, कारण विनीचं मनगट दुखायचं.

विनीला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आग्नेस त्याच्याजवळ आली होती. आग्नेस ही विनीची शाळेपासूनची मैत्रीण, लग्न होऊन होळी गावात दिलेली. तिच्या सासूला, जुलियानाआजींना, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होत होती.

"केकचं मी विरारच्या दुकानात सांगते," आग्नेस म्हणाली. "सासूबाईंना काय, वर मेणबत्ती पेटली म्हणजे झालं."

"विनीनं शब्द दिला होता ना?"

"वॉल्टरभाऊ, तिनं दिला होता. तुम्ही नाही दिलेला."

"मी करतो."

आग्नेस बघतच राहिली. "तुम्ही? तुम्ही लोखंड कापता."

"लोखंड कडक असतं. हे मऊ आहे."

आग्नेसला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं. तिनं पदर तोंडाला लावला. "बरं. केक मी भाजून देते. वरचं तुम्ही बघा. नाही जमलं तर आदल्या शनिवारपर्यंत फोन करा, रागावणार नाही मी."

वरचं काय करायचं ते विनीच्या वहीत काढलेलं होतं. होळीतली वाडी. एका कडेला गोल विहीर, मागं चार केळी, पालेभाजीचे वाफे, आणि मधोमध उकिडव्या बसलेल्या आजी, लाल लुगडं नेसून, पुढ्यात भाजीची टोपली. जुलियानाआजींनी पन्नास वर्षं भाजी विकली होती. आता गावात लुगडं नेसणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, त्यातल्या त्या एक.

विहीर वॉल्टरला सोपी गेली. केळीची पानं दोन दिवसांत जमली. आजींचं अंग, हात, पांढरा अंबाडा, तारेवर उभारलेली मान, सगळं त्यानं पांढऱ्या गोळ्यातून कोरलं. चेहरा मोठा करून बघायला त्यानं कारखान्यातलं भिंग आणलं. नाक चार वेळा केलं. आता लुगडं राहिलं होतं, आणि लुगड्याचा लाल गोळा खरं तर घरात तयार होता.

तो त्याला विनी गेल्यावर चौथ्या दिवशी सापडला होता. साखर शोधताना वरच्या फळीवर स्टीलचा चपटा डबा हाताला लागला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोसंबीएवढा गोळा, लालभडक. सोबत दोन बोटं रुंद कापडाचा तुकडा, लाल, बारीक चौकड्यांचा. आणि गोळ्यावर मधोमध अंगठा दाबल्याची खूण.

ती खूण तो ओळखत होता. गोळा मळून झाला की विनी त्यावर अंगठा दाबायची. खड्डा तसाच राहिला आणि कडेला भेग गेली नाही, तर गोळा लाटायला तयार. प्रत्येक गोळ्याची तिची हीच परीक्षा. मग ती तो पुन्हा मळून टाकायची. हा एक मळायचा राहून गेला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नारळ फोडताना कोयता निसटला होता आणि तिच्या उजव्या अंगठ्यावर तिरपी रेघ कायमची राहिली होती. गोळ्यातल्या ठशात ती रेघ उमटली होती. उलटी, पण स्पष्ट.

तेव्हापासून वॉल्टर कामावरून आला की चहा टाकायच्या आधी डबा काढायचा, प्लॅस्टिक सोडवायचा, बघायचा, पुन्हा गुंडाळून ठेवायचा. हात लावायचा नाही. घरात तिचे फोटो होते, कपडे होते, चष्मा होता. पण ती इथं होती आणि तिनं असं केलं, हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट होती.

म्हणून लुगड्यासाठी तो दुसरा गोळा मळत होता.

गोळा अखेर लालसर झाला तेव्हा बाटली रिकामी होती आणि त्याचे हात मनगटापर्यंत रंगले होते. कापडाच्या तुकड्याशेजारी धरून बघितला. अजून फिकाच, पण चालेल असं त्यानं ठरवलं आणि डब्यात झाकून ठेवला. हे शुक्रवारी झालं.

शनिवारी सकाळी झाकण काढलं तर आत काळपट तपकिरी गोळा होता. वाळलेल्या रक्तासारखा. त्यानं चिमूटभर तोंडात टाकला आणि लगेच बेसिनमध्ये थुंकला. कडूजहर.

तेव्हा त्यानं वही नीट वाचली. चित्र तो रोज बघत होता, पण पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं राहून गेलं होतं. 'आजीचं लुगडं. गुलाबी वाटलं तरी रंग घालायचं थांबायचं. रात्रभर मुरू द्यायचं. लाल आपोआप चढतो. जास्त घातला तर कडू.'

तो स्टुलावर बसला. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस तो. यंत्राला घाई चालत नाही हे नव्या पोरांना तोच शिकवायचा. स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरी बाटली आणता आली असती, पण रंग मुरायला रात्र हवी होती, मग नेसवायला आणि सुकायला वेळ हवा होता, आणि रविवारी सकाळची मिस्सा संपली की वाडीत जेवणाची पानं मांडणार होते. फोन हातात घेतला. आग्नेसचं नाव काढलं. मग फोन पालथा ठेवला आणि फळीवरचा चपटा डबा खाली घेतला.

कारखान्यातली माप घ्यायची कॅलिपरपट्टी त्याच्या पिशवीत असायचीच. ती त्यानं ठशाभोवती लावली. सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर सोडून सुरीनं खूण केली आणि सरळ खाली कापत गेला, ठसा मध्ये शाबूत ठेवून. उरलेलं वेगळं झालं ते निम्म्याहून थोडं जास्त होतं. ठशाचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यानं डब्यात ठेवला, डबा फळीवर, त्याच्यापुढे पिठाचा डबा.

उरलेल्याला त्यानं मळलं. सहज लाटलं गेलं ते. रंग तंतोतंत कापडाचा. ब्रशनं पाण्याचा हात देऊन त्यानं मांड्यांवर निऱ्या बसवल्या, पुढचा काठ घेतला, खांद्यावरून पदर आणला. आजी एकदम आजी झाल्या. पदर खांद्यामागं न्यायच्या आधीच लाल संपलं.

वॉल्टरनं बाहुली फिरवून बघितली. पुढून लुगडं, मागून नुसता पांढरा गोळा. फळीकडे त्यानं एकदा बघितलं. मग बाहुली मधोमध न बसवता कडेला सरकवली आणि तिची पाठ विहिरीला टेकवली. पाट फिरवला. कुठूनही दिसत नव्हतं.

रविवारी वाडीत मांडव होता. पन्नाससाठ माणसं, मटणाचा वास, खुर्च्यांची ओढाताण. केक मधल्या टेबलावर बेअरिंगच्या पाटावर ठेवला तशी बायका गोळा झाल्या. कुणी केळीची पानं मोजली, कुणी टोपलीतली वांगी.

"हे वॉल्टरनं केलं?" कुणीतरी म्हणालं. "लेथवर केलं की काय?"

"लेथवर केलं असतं तर आजी गोल गोल फिरत राहिल्या असत्या," दुसरीनं उत्तर दिलं. सगळे हसले. वॉल्टरही हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या.

जुलियानाआजींना दोघींनी धरून आणून खुर्चीत बसवलं. नवं लाल लुगडं, गळ्यात सोन्याचे मणी, कमरेत वाकलेल्या, डोळे मात्र लख्ख. प्रार्थना झाली. मेणबत्ती विझली. आग्नेसनं सुरी आजींच्या हातात दिली आणि मध्येच थांबली.

"थांबा थांबा. आधी आजी काढून घेऊ दे. विनी नेहमी काढून ज्याची त्याच्या हातात द्यायची. सुरी लागायच्या आधी."

वॉल्टरला हे ठाऊक होतं. शंभर वेळा बघितलं होतं. इंजिन मुलाच्या हातात, होडी जावयाच्या हातात. काल दिवसभर मात्र ते एकदाही डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या हातात रिकामी ताटली होती, ती त्यानं छातीशी धरली.

आग्नेसनं पाट फिरवला, बाहुली अलगद उचलली आणि आजींच्या तळहातावर ठेवली.

आजींनी ती डोळ्यांजवळ नेली. "नाक बघा. माझंच हाय. माझा नवरा म्हनायचा, लांबून आधी नाक येतं, मग टोपली, मग तू."

पुन्हा हशा झाला. माणसं ताटल्या घ्यायला टेबलाकडे वळली. आजींनी बाहुली बोटांत धरून उलटी केली. पन्नास वर्षं वांगं असो, पडवळ असो, त्यांनी पुढून कधी बघितलं नव्हतं. किडीचं भोक मागंच असतं.

त्या बराच वेळ त्या पांढऱ्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मान वर केली. वॉल्टर खांबाजवळ उभा होता. त्यांनी बोटानं बोलावलं. तो येऊन त्यांच्या खुर्चीशी खाली बसला.

"लाल कमी पडलं?"

"हो, आजी."

"कमी पडलं, का ठेवलं?"

 वॉल्टरच्या बोटांच्या पेरांत अजून त्या कडू गोळ्याचा लाल रंग होता, साबणानं न गेलेला. आजींनी तो हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि सोडला.

"विनी आली होती माझ्याकडं," त्या हळूच म्हणाल्या. "पावसात. म्हनाली, आजी, लुगड्याचा रंग जुळवायचा, तुकडा द्या. जुनं एकबी नव्हतं घरात. जुनी सगळी पोतेरी झाली. म्हनलं, नेसतं फाडू काय? नको नको म्हनत होती. दिलं फाडून. काठाकडनं. नवऱ्यानं आनलेलं शेवटचं होतं ते." त्या थोडं हसल्या. "आता तेवढा काठ दुमडून नेसते. कळत नाय कुनाला."

वॉल्टरनं त्यांच्या लुगड्याकडे बघितलं. आजचं नवं होतं.

"हे आग्नेसनं आनलं," आजी म्हणाल्या. "ते पेटीत हाय." मग बाहुली सरळ करून त्यांनी तिच्या गुडघ्यावरची निरी नख न लागेल अशी बोटानं दाखवली. "चांगलं केलंस. राहू दे तसंच. कपाटात ठेवीन, पाठ भिंतीला. तुला ठाऊक, मला ठाऊक."

कुणीतरी आजींच्या पुढ्यात केकची ताटली आणून ठेवली. वॉल्टर उठला, दोन पावलं गेला, परत आला.

"आजी, ती मला द्या. संध्याकाळी आणून देतो."

"अरे, राहू दे म्हनलं ना."

"द्या."

आजींनी बाहुली त्याच्या हातात दिली. 

केकखालचा पाटही घेऊन तो घरी आला तेव्हा तीन वाजले होते. त्यानं जेवणाचा डबा उघडला, आतली रुमालात गुंडाळलेली बाहुली ओट्यावर ठेवली. हात धुतले. पंखा बंद केला, खिडकी ओढली. पिठाचा डबा बाजूला सारून चपटा डबा खाली घेतला.

दिवसाच्या उजेडात ठसा त्यानं जवळून बघितला. रोज बघत होता, पण रोज संध्याकाळी, ट्यूबच्या उजेडात; काल कापताना नजर सुरीवर होती. खड्ड्याच्या कडेपासून केसासारखी एक भेग आत आली होती आणि तिरप्या रेघेपर्यंत पोचली होती. सात आठवडे रोज प्लॅस्टिक सोडायचं, वारा लागायचा.

त्यानं उजवा अंगठा खड्ड्यावर नेला. त्याचा अंगठा रुंद होता, मावला नसता. तो तसाच वर धरून राहिला. मग तुकडा दोन्ही तळव्यांमध्ये घेतला आणि डोळे न मिटता मळला. आधी कडक लागला. हाताची ऊब लागली तसा हळूहळू सैल पडत गेला, भेगा मिटल्या, आणि मग तो नुसता मऊ लाल गोळा होता.

तो त्यानं ओट्यावर ठेवला आणि त्यावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. कडेला भेग गेली नाही.

लाटण्याला कड्या लावून त्यानं लाटलं, पट्टी कापली, आजींच्या पाठीला पाण्याचा हात दिला आणि पदर खांद्यावरून मागं नेऊन कमरेशी खोचला. पूर्ण पुरला. जोड दिसू नये म्हणून ब्रशच्या टोकानं कड दाबत गेला. बाहुली पाटावर ठेवून बोट लावलं. आजी दोन वेढे फिरल्या, पुढून लाल, मागून लाल, आणि थांबल्या.

वाटाण्याएवढा एक तुकडा उरला होता. वॉल्टरनं तो बोटावर घेतला, थोडा वेळ बघितला आणि तोंडात टाकला. कडू नव्हता. नुसता गोड होता, जिभेवर विरेपर्यंत गोड.

घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. त्यानं तो बाहीनं पुसला आणि स्टुलावर बसून राहिला. पदर अजून ओला होता. तो सुकेपर्यंत त्यानं पंखा लावला नाही.